जनरेटरजवळची खुर्ची

“त्या बुढ्याचा जनरेटरच खराब होता.”

हे वाक्य मी दारव्ह्यात निदान पाच वेळा ऐकलं आहे. एकदा आठवडी बाजारात, एकदा जीपमध्ये दोन अनोळखी बायांच्या बोलण्यात, आणि उरलेल्या वेळा आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये. बोलणाऱ्यांपैकी एकानेही तो जनरेटर जवळून पाहिलेला नव्हता. मी पाहिला होता. जे झालं ते झालं तेव्हा मी त्याच्यापासून चार हातांवर एका लोखंडी खुर्चीत बसले होते. तरी पाचही वेळा मी गप्प राहिले. गप्प राहण्याची मला लहानपणापासून सवय आहे, आणि आमच्या घरी तिला चांगलं वळण म्हणतात.

ते माझे घरमालक. मी त्यांना काका म्हणायचे, ते मला मॅडम म्हणायचे. मी यवतमाळची, नोकरदार घरातली, इंग्रजी माध्यमातून शिकलेली. दारव्ह्याच्या एका इंग्रजी शाळेत शिकवायची नोकरी लागली म्हणून त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायला गेले. पहिल्याच दिवशी त्यांनी घराचे नियम सांगितले. पाणी, कुलूप, येणारेजाणारे यांबद्दल एक शब्द नाही.

“इस्त्री लावाची असन त मले आवाज द्याचा. गिझर अन् इस्त्री संगं नाई लावाची. बस.”

मला वाटलं बिलाची काळजी असेल. तसं नव्हतं. खाली ओसरीवर त्यांनी शंभरचा एक जुना पिवळा बल्ब लावून ठेवला होता आणि तो दिवसाही जळायचा. त्याच्या समोर बसून ते माइकच्या वायरी जोडायचे आणि मधूनच मान वर करून त्याच्याकडे पाहायचे. बल्ब कणभर मंदावला की म्हणायचे, “गिरणी चालू झाली.” कान दिला की खरंच गल्लीच्या टोकाच्या पिठाच्या गिरणीची घरघर ऐकू यायची. एकदा उशीर होत होता म्हणून मी न सांगता इस्त्री लावली. लगेच जिन्याखालून आवाज आला, “मॅडम, झाली का इस्त्री? माहा बल्ब खाली आला.”

त्यांचा धंदा साउंडचा होता. लग्न, जयंती, भागवत सप्ताह, शेतकरी मेळावा, शाळांची गॅदरिंग. जिथे उघड्यावर माणसं जमतात आणि कोणाला तरी बोलायचं असतं, तिथे काका आपले दोन अ‍ॅम्प्लिफायर, बॉक्स आणि जनरेटरचा गाडा घेऊन जायचे. जनरेटर जुना, एका सिलिंडरचा होता. नव्या जनरेटरमध्ये व्होल्टेज आपोआप सांभाळलं जातं म्हणे. याच्यात तसं काही नव्हतं, ते काम काका करायचे. स्टेजपासून शंभर पावलांवर, वारा जिकडे जातो त्या बाजूला जनरेटर ठेवायचा, त्याच्यासमोर घडीची लोखंडी खुर्ची मांडायची, लाकडी फळीवर बसवलेला काट्याचा मीटर मांडीवर घ्यायचा आणि कार्यक्रम संपेपर्यंत उठायचं नाही. स्टेजकडे त्यांची पाठ असायची. रात्री घरी आल्यावर मी विचारायचे, “कार्यक्रम कसा झाला काका?”

“दोनशे सव्वीस होतं. मधात एकदा दोनशे बावीस.”

एवढंच. कोण बोललं, कोण गायलं, नवरी कशी दिसत होती, काही नाही.

त्यांच्या कामाला ठरलेला क्रम होता. आधी इंजिन. ते दहा मिनिटं नुसतंच चालू द्यायचं. मग मीटर, मग मिक्सर, सगळ्यात शेवटी अ‍ॅम्प्लिफायर. बंद करताना नेमकं उलट. या दहा मिनिटांवरून मी निदान तीन कार्यक्रमांत आयोजकांना त्यांच्या अंगावर ओरडताना पाहिलं आहे. “पाहुणे आले न काका, चालू करा न!” काका मीटरवरून नजर न काढता म्हणायचे, “पाहुण्याले पाणी द्या. करंटले घाई नाई चालत.”

बोरी अरबच्या एका लग्नात त्यांनी मांडवात पाय ठेवताच मुलीच्या बापाकडे अडीच किलो जाडं मीठ मागितलं. मग मांडवामागे कुदळीने खड्डा खणला, त्यात एक सळई उभी केली, मीठ आणि कोळसा टाकला, माती लोटली आणि वरून दोन बादल्या पाणी ओतलं. हे अर्थिंग. कुठे करंट उतरलाच तर तो माइक धरणाऱ्याच्या अंगातून न जाता जमिनीत जावा म्हणून. पण वरपक्षाच्या दोन बायांनी हे पाहिलं आणि घटकाभरात मांडवभर झालं की कोणीतरी लग्नावर करणी करून राह्यलं. नवरदेवाचा मामा धावत आला.

“काय पुरलं बे इथं? काढ बाहेर!”

“काढतो,” काका म्हणाले. “मंग माइक तुमी धरजा. ओल्या हातानं धरजा.”

मामाने खड्ड्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि परत जाऊन बायांना सांगितलं की सगळं ठीक आहे. ही गोष्ट काकूंनी मला पदराने डोळे पुसत, हसत सांगितली. मीही हसले. वर जाऊन पडल्यावर मात्र मला राग आला. या माणसाला अनोळखी नवरदेवाच्या हाताची काळजी होती, आणि त्याच्या अंगावर धावून गेलेल्या मामाने साधं “चुकलं” म्हटलं नव्हतं. लोकांना आवाज हवा असतो. तो कुठून येतो हे त्यांना जाणून घ्यायचं नसतं.

दुसरा नियम त्याहून कडक होता. “याच्यावर फक्त साउंड.” जनरेटरवर दिवा नाही, पंखा नाही, मोबाइलचा चार्जरसुद्धा नाही. कळंबला कसल्याशा उद्घाटनाला आयोजकांनी त्यांच्या लाइनवर गुपचूप दोन हॅलोजन लटकवले. प्रमुख पाहुणे बोलत होते. काकांनी आवाज बंद केला, शिडी लावली, दोन्ही हॅलोजन उतरवले, जमिनीवर नीट ठेवले आणि ठरलेल्या क्रमाने आवाज पुन्हा चालू केला. तोवर पाहुणे नुसतेच हातवारे करत होते. काकूंनी रागावून विचारलं, “एवढ्या मोठ्या माणसाचं भाषण बंद करते का कोणी?” तर म्हणाले, “भाषण कुठं पळून चाललं होतं?”

ते बरोबरच होते असं मी म्हणत नाही. ते हट्टी होते आणि उद्धटही. स्वतःच्या मुलीच्या लग्नात ते जनरेटरजवळच बसले होते. अक्षता पडायच्या वेळी काकूंनी त्यांना बोलवायला तीन माणसं पाठवली. तिन्ही एकच निरोप घेऊन परत आली, “मंगलाष्टकं चालू हायेत. आवाज तुटला त?” ती मुलगी माहेरी आली की अजून हे बोलून दाखवते, आणि मला तिचं पटतं. अर्धा तास दुसऱ्या कोणाला तिथे बसवता आलं असतं. पण त्या खुर्चीच्या बाबतीत त्यांचा कोणावर विश्वास नव्हता. माझ्या माहितीत त्यांनी एकदाच तो ठेवला. माझ्यावर.

फेब्रुवारीत शाळेची गॅदरिंग होती. मैदानावर, भर दिवसा. लाइनच्या दुरुस्तीसाठी त्या दिवशी सकाळपासून वीज नसणार हे दोन दिवस आधीच कळलं होतं. सगळी व्यवस्था संस्थेच्या सचिवांच्या मेहुण्यांकडे होती. शाळेत त्यांचं पद काय हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण प्रत्येक ‘व्यवस्था’ त्यांच्याकडे असायची. कॉफीचं मशीन आणि स्टॉल यांच्यासाठी दुसरा जनरेटर आणतो असं त्यांनी काकांना शब्द देऊन सांगितलं होतं. तो आला नाही.

सकाळी काकांनी इंजिन दहा मिनिटं चालवलं, काटा दोनशे तीसवर आणला आणि इंजिनाची रेस ठरवणारा स्क्रू नट आवळून पक्का केला. मग मला हाक मारली.

“मॅडम, नखाले लावता थे पॉलिश हाय का पर्समधी?”

होती. मरून रंगाची. ती मी शनिवारी संध्याकाळी लावायचे आणि सोमवारी शाळेआधी पुसायचे. ती त्यांनी पाहिली असेल असं मला वाटलं नव्हतं. मी लाजत बाटली दिली. त्यांनी स्क्रू आणि नट यांच्या सांध्यावर दोन थेंब सोडले, फुंकर मारली आणि बाटली परत दिली. “आता कोणी हात लावला त हे फुटन. मले समजन.”

आमच्याकडे कार्यक्रम सत्कारांनी सुरू होतो आणि पुष्कळदा सत्कारांतच दमून जातो. त्या दिवशीही पाहुणे, विश्वस्त, माजी विश्वस्त, टँकर देणारे, मंडपवाले अशी शाल-श्रीफळांची रांग लागली होती. बालवाडीची मुलं पाठीला पुठ्ठ्याचे पंख बांधून, फुलपाखरं होऊन स्टेजवर मागे ताटकळत उभी होती. शेवटी साउंडवाल्यांचं नाव पुकारलं गेलं. एकदा, दोनदा, तीनदा. काका उठले नाहीत. प्रिन्सिपल मॅडमनी मला डोळ्यांनी खुणावलं की आणा त्यांना.

“पुकारू द्या न,” काका म्हणाले. “नारळ काय, घरीही हाय.”

“काका, बरं दिसत नाही. दोनच मिनिटं. मी बसते इथे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मीटरकडे.

“उठाचं नाई.”

“नाही.”

“कोणी काही लावाले आलं त?”

“नाही लावू देणार.”

ते उठले. मी खुर्चीत बसले. मांडीवर त्यांनी मीटर ठेवला.

ते स्टेजच्या पायऱ्यांवर पोचले नसतील, तोच मेहुणे आले. मागे कॉफीवाला, हातात जाड वायर आणि मोठा प्लग.

“सर,” मी म्हणाले, “याच्यावर फक्त साउंड...”

“अवो मॅडम, पाहुणे कॉफीसाठी थांबून राह्यले. दोन मिन्टं.”

“काकांनी सांगितलंय की...”

“काका स्टेजवर हायेत न? मंग? तुमी कायले टेन्शन घेता!”

पुढचं वाक्य माझ्या डोक्यात तयार होतं. इंग्रजीत, पूर्ण, व्याकरणशुद्ध. ते तिथेच राहिलं. प्लग बसला. इंजिन ओझं घेऊन चढ चढणाऱ्या माणसासारखं कण्हायला लागलं. काटा दोनशेच्याही खाली आला, आणि स्पीकरमधून येणारा निवेदिकेचा आवाज घोगरा झाला.

“रेस कमी हाय याची,” मेहुणे म्हणाले. त्यांनी काकांच्याच पेटीतला पाना उचलला, नट सैल केला आणि स्क्रू फिरवला. मरून टवका उडून गवतात पडला. काटा पुन्हा वर चढला. “पाहा! झालं का नाई? फुकटचा बाऊ करते बुढा.” आणि ते गेले.

वाढवलेली रेस कॉफीच्या मशीनचं ओझं ओढत होती तोवर सगळं ठीक दिसत होतं. मग कॉफीवाल्याचं दूध उतू गेलं, आणि त्याने घाईत प्लग खसकन ओढला.

ओझं निघाल्याबरोबर इंजिन किंचाळलं. काटा मीटरच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आदळला. स्टेजवर फोटोसाठी सगळे फोटोग्राफरकडे पाहत होते. एकट्या काकांनी मान इकडे वळवली. तेवढ्या गर्दीत, तेवढ्या दुरून फक्त त्यांनाच ते ऐकू गेलं. खांद्यावर शाल, हातात नारळ, असे ते स्टेजवरून उडी मारून पळत सुटले. अर्ध्या वाटेत असताना स्टेजच्या बाजूने दोन दबके स्फोट झाले, धूर निघाला, आणि मैदानावरचा सगळा आवाज गेला. दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर जळाले होते. त्यातला एक त्यांनी स्वतः, एकेक भाग जोडून बनवलेला होता.

मी खुर्चीतून उठले नव्हते. तेवढं मात्र मी पाळलं.

काकांनी आधी इंजिन बंद केलं. मग वाकून नट पाहिला. मग मला पाहिलं.

सचिव आले आणि चारशे पालकांसमोर, माइक नसल्यामुळे घसा ताणून, त्यांना बोलले. “असं डबडं घेऊन येता अन् लेकराइचा कार्यक्रम बरबाद करता? लाज वाटली पाह्यजे!” मेहुणे बाजूला उभे होते. त्यांच्या हातात कॉफीचा कागदी कप होता. पालक मोबाइलवर शूटिंग करत होते. “बुढ्याले घरी बसवा आता,” कोणीतरी म्हणालं आणि लोक हसले. स्टेजवर एक फुलपाखरू मोठमोठ्याने रडत होतं. काका शाल घडी करत होते. त्यांनी ती घडी नारळासकट, मी रिकाम्या केलेल्या खुर्चीवर ठेवली आणि वायरी गुंडाळायला लागले.

संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर शाळेचा मेसेज आला, ‘साउंडवाल्याच्या सदोष जनरेटरमुळे झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ मी त्या ग्रुपवर होते. चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं.

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपल मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. “तुम्ही त्यांच्याकडेच राहता ना? त्यांच्याकडून एक माफीपत्र सही करून आणा. मुद्दे मी देते. जनरेटर जुना होता, व्होल्टेज अचानक कमी झालं, अ‍ॅम्प्लिफायर जळाले, चूक माझी. ट्रस्टींना दाखवायला हवं. डोंट मेक इट इमोशनल.”

मी ते टाइप केलं. हेही लिहायलाच हवं. तो कागद माझ्याच बोटांनी टाइप झाला. त्यावर सही झाली असती तर जिल्ह्यातला कोणीही आयोजक म्हणू शकला असता की त्यांनी स्वतःच लिहून दिलंय, आणि तीस वर्षं त्या खुर्चीत बसून राखलेलं नाव एका पानात संपलं असतं.

त्या पत्राचं पुढे काय झालं ते आधीच सांगते, म्हणजे कोणी गोड शेवटाची वाट पाहणार नाही. मी शाळेत नेऊन दिलेलं पत्र फाइलला लागलं नाही. ग्रुपवरचा मेसेज कोणी मागे घेतला नाही. त्या उन्हाळ्यात काकांना नेहमीच्या निम्मी लग्नंही मिळाली नाहीत, आणि एप्रिलनंतर शाळेला माझी गरज उरली नाही. मेहुणे अजून व्यवस्था पाहतात.

पण ते पत्र लिहिलं गेलं ती संध्याकाळ अशी.

मी खाली गेले तेव्हा ओसरीवर जळका अ‍ॅम्प्लिफायर उघडून ठेवला होता. करपल्याचा वास घरभर होता. काकांनी चष्मा लावून कागद वाचायला घेतला. काकू दारात उभ्या राहिल्या.

“काहून सही करता तुमी?” त्या म्हणाल्या. “तुमी काय केलं? अन् मॅडम, तुमीच आणला का वो हा कागद?”

काका वाचत होते. मग त्यांनी खिशातला पेन काढला. मला वाटलं झाली सही. त्यांनी ‘कमी’ हा शब्द खोडला आणि वर ‘जास्त’ लिहिलं.

“कमी व्होल्टेजनं अ‍ॅम्प्लिफायर जळत नाई,” ते म्हणाले. “दबते, घोगरते, बंद पडते. जळते जास्तीनं. शाळेचा कागद अन् एवढं माहीत नाई?”

“काका, हे माफीपत्र आहे.”

“हाव न. माफी मागतो मी. जागा सोडली मी. इतक्या वर्षांत सोडली नाई अन् त्या नारळासाठी सोडली. थे चूक माही हाय, लिहा. पण कारण खोटं लिहू नोका.” त्यांनी ‘जास्त’ या शब्दावर बोट ठेवलं. “आता जो वाचन तो विचारन, जास्त काहून झालं? थेही लिवा लागन.”

“तुम्हाला माहीत आहे?”

“नटावरचं पॉलिश फुटलेलं पाह्यलं मी. कोणी फिरवला थे नाई पाह्यलं. नाई पाह्यलं थे मी लिहीत नसतो.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं होतं ते रागावतील, मग मीही रडेन, आणि ते प्रकरण तिथेच संपेल. ते अ‍ॅम्प्लिफायरच्या जळक्या पट्टीवरची काजळी ब्रशने झाडत बसले.

“मी पाहिलं,” मी म्हणाले.

“माहीत हाय. मीच त बसवलं होतं तुमाले.”

मी वर गेले नाही. काकूंनी कोरा कागद आणून दिला, आणि मी तिथेच बसून हाताने लिहिलं. प्लग कोणी आणला, कोणी लावू दिला, पाना कुठून उचलला, स्क्रू कोणी फिरवला, दूध उतू गेल्यावर काय झालं. माझं मराठी लिखाण कच्चं आहे. दोनदा काकूंना ऱ्हस्व-दीर्घ विचारलं. मी तिथे बसले होते आणि अडवलं नाही, हेही लिहिलं. काकांनी सगळं वाचलं, एका ठिकाणी ‘करंट’ खोडून ‘व्होल्टेज’ केलं, आणि ‘मी जागा सोडली, ही माझी चूक’ या ओळीखाली सही केली. मग कागद माझ्याकडे सरकवला. माझ्या भागाखाली मी सही केली.

त्यांनी कागद बल्बसमोर धरला.

“हे काय हाय?”

“सही आहे, काका.”

“हे कोणाले वाचता येते? कोंबडी चालून गेल्यावाणी. उद्या म्हणतीन, कोणाची हाय माहीत नाई.” त्यांनी कागद परत माझ्यासमोर ठेवला. “नाव लिहा खाली. पूर्ण.”

माझी सही मी मुद्दाम तशी केलेली आहे, दोन वेलांट्या आणि एक रेघ. मी पेन घेतला. नाव लिहिलं, वडिलांचं नाव लिहिलं, आणि आडनावापाशी हात जरा थांबला.

“मोठं लिहा मॅडम,” काका म्हणाले. “मागच्या रांगेपर्यंत गेलं पाह्यजे.”

मी मोठं लिहिलं.